अब्बांच्या डायरीत युद्ध नाही

गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी सुभेदार काकांचा फोन आला. काका अब्बांचे जुने दोस्त. दोघं एकाच कंपनीत होते, एकाच तालुक्यातले. निवृत्तीनंतर काका माजी सैनिकांच्या कामात असतात. २६ जानेवारीला एक स्मरणिका काढायची ठरली होती. म्हणाले, "तुझ्या अब्बावर एक पान लिहून दे. एकाहत्तरचं काहीतरी जोरदार टाक. आणि हे बघ बेटा, तुमच्यातलं एक नाव आत असलेलं बरं. लोकांची तोंडं बंद होतात."

काकांच्या मनात खोट नव्हती. अब्बांच्या जनाज्याला त्यांनी खांदा दिलाय. पण शेवटचं वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं.

मी लगेच हो म्हटलं होतं, आणि त्यात माझाही स्वार्थ होता. शाळेत मॅचच्या दुसऱ्या दिवशी वर्गात कुणी काही टोमणा मारला की माझं उत्तर ठरलेलं असायचं, "माझे अब्बा मिलिट्रीत आहेत." एसटीत पास दाखवतात तसं मी अब्बांना दाखवायचो. पुढं नोकरीत, घर भाड्यानं घेताना, एकदा तर पोलिस ठाण्यात पासपोर्टच्या चौकशीला गेलो तेव्हाही. समोरच्याचा चेहरा जरा सैल पडायचा. पास चालायचा. एक पान छापून आलं तर हा पास कायमचा होईल, असं मनात कुठंतरी आलंच.

माळ्यावर अब्बांची पत्र्याची पेटी होती. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर. आत मेडल, डिस्चार्ज बुक, दोन फोटो आणि ११ डायऱ्या. अब्बा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, शक्तिमान ट्रक चालवायचे. सातवीपर्यंत मराठी शाळा शिकलेले. अक्षर टपोरं, मध्येच हिंदी शब्द. मी थेट १९७१ची डायरी काढली आणि डिसेंबर उघडला.

'३ डिसेंबर. रात्रभर गाडी. बत्ती बंद. चहा दोन वेळा.'

'८ डिसेंबर. पाय सुजला. बूट काढला तर पुन्हा जाईना.'

'११ डिसेंबर. पत्र नाही. शक्करपारे संपले.'

'१७ डिसेंबर. जुम्मा. रात्री लढाई बंद झाली म्हणाले. मागचं डावं चाक बदललं.'

एवढंच. मागं जाऊन नोव्हेंबर पाहिला. ईदच्या दिवशी लिहिलंय की नमाज गाडीच्या आडोशाला पढली, सुभेदार साहेबांनी शेवयांसाठी साखर दिली, पण शेवया नव्हत्या, मग तांदूळ गोड केला. जागेचं नाव कुठंच नाही. शत्रू नाही, गोळी नाही, भारतमाता नाही. क्लच प्लेट मात्र चार वेळा आहे.

खरं सांगतो, मला राग आला. एवढ्या मोठ्या युद्धात होतात, एक वाक्य लिहायला काय झालं होतं? उद्या कुणाला दाखवावं असं एकच वाक्य!

त्याच दिवसांत मी वऱ्हाडच्या कापूस बाजारावर काही लिहावं म्हणून वाचत होतो. आमच्या भागातल्या कापसाचा इतिहास वाचायला घेतला की अमेरिकेचं यादवी युद्ध टाळता येत नाही. १८६०-६१ मध्ये गुलामी टिकवण्यासाठी दक्षिणेकडची ११ राज्यं फुटून निघाली. उत्तरेच्या आरमारानं त्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग इकडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सटोडियांच्या शब्दावर शेअर वर-खाली होऊ लागले आणि १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपताच इकडे पेढ्या बुडाल्या. आपल्याकडे त्या युद्धाची आठवण कापसाच्या भावाची आहे. ज्यांच्या मरण्यावर तो भाव चढला ते कोण होते, हे मी कधी विचारलं नव्हतं. कापसाच्या पुस्तकांतून शिपायांच्या डायऱ्यांकडे वळलो, त्याला कारण मात्र माळ्यावरची पेटी.

यादवी हा आपला शब्द मोठा अचूक आहे. मुसळाच्या लोहापासून उगवलेल्या लव्हाळ्यांनी यादव एकमेकांत लढून संपले, ती गोष्ट या एका शब्दात बसली आहे. अमेरिकेत चार वर्षांत जे मेले त्यांचा आकडा पूर्वी ६ लाख २० हजार सांगत. २०११ मध्ये जनगणनेवरून नव्यानं हिशेब मांडला गेला, तेव्हा तो साडेसात लाखांच्या आसपास गेला. आणि यातले सुमारे दोन तृतीयांश लोक गोळीनं मेलेच नाहीत. ते जुलाबानं, आमांशानं, विषमज्वरानं, गोवरानं मेले. शेतावरची पोरं पहिल्यांदाच हजारोंच्या गर्दीत आली होती. लहानपणी न आलेला गोवर त्यांना छावणीत गाठत होता.

हे शिपाई लिहीत फार होते. दोन्ही बाजूंच्या गोऱ्या शिपायांत बहुसंख्य साक्षर होते आणि त्यांच्या पत्रांवर आजच्यासारखी सेन्सॉरची कात्री नव्हती. वर्षाच्या तारखा छापलेल्या, कातडी वेष्टनाच्या, खिशात मावणाऱ्या डायऱ्या तेव्हा दुकानांत मिळत. एका पानावर दोन-तीन दिवस. शाईची बाटली पाठीवर कोण वागवणार? म्हणून पेन्सिल. जागा एवढीशी, त्यामुळे नोंदीही एवढ्याशा. पाऊस, कवायत, पहारा, पत्र आलं, पत्र नाही. पहिली काही पानं वाचली आणि मी हसलो. भाषा वेगळी, खंड वेगळा, मधे शंभरावर वर्षं, आणि तरी ही अब्बांचीच डायरी होती.

पोटाची गोष्ट या सगळ्यांत सर्वात जास्त आहे. उत्तरेच्या शिपायाला शिध्यात हार्डटॅक मिळायचं. नुसतं पीठ आणि पाणी भाजून केलेलं चौकोनी जाड बिस्किट. दिवसाला नऊ-दहा. ते इतकं कडक असायचं की बंदुकीच्या दस्त्यानं फोडावं लागे. गोदामांत महिनोन्‌महिने पडून त्यात किडे होत. शिपायांनी त्याला 'किड्यांचे वाडे' असं नाव ठेवलं होतं. गरम कॉफीत बुडवलं की किडे वर तरंगत, ते चमच्यानं काढून टाकायचे आणि बिस्किट खायचं. अंधारात खाल्लं तर तेवढाही त्रास नाही. जॉन बिलिंग्ज नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या तोफखान्यातल्या माणसानं पुढं १८८७ मध्ये छावणीतल्या रोजच्या जगण्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. नाव काय दिलं, तर 'हार्डटॅक अँड कॉफी'. लढायांवर लिहिणारे पुष्कळ होते. या माणसाला तंबू कसा ठोकायचा, उवा कशा मारायच्या, आजारी असल्याचं सोंग कोण कसं करायचं, खेचरं किती हट्टी, हेच सांगायचं होतं. मला हा लेखक फार आवडला.

कॉफीचं तर विचारू नका. बिया मिळायच्या, त्या बादलीत घालून दस्त्यानं कुटायच्या आणि जो तो आपापल्या डब्यात उकळायचा. कूच थांबली की पाच मिनिटांत शेकडो जाळ पेटायचे. दक्षिणेच्या शिपायांना नाकेबंदीमुळं कॉफी मिळत नव्हती. ते शेंगदाणे, राय, रताळी भाजून त्याचं काळं पाणी प्यायचे. पण त्यांच्याकडे तंबाखू भरपूर होती. १८६२-६३च्या हिवाळ्यात व्हर्जिनियात रॅपाहॅनॉक नदीच्या दोन काठांवर दोन फौजा समोरासमोर पडल्या होत्या. डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गला तिथंच हजारो माणसं कापली गेली होती. आणि थोड्याच दिवसांत त्याच नदीत पहाऱ्यावरची पोरं फळ्यांच्या छोट्या होड्या करून सोडत होती. इकडून कॉफी जायची, तिकडून तंबाखू यायची, दोन्हीकडून वर्तमानपत्रं. वरिष्ठांनी मनाई केली होती. पोरं करत राहिली.

अब्बांच्या डायरीत शक्करपारे आहेत. फौजेत कोरडा शिधा म्हणून देतात ते. लहानपणी ते सुट्टीवर आले की बॅगेच्या तळाशी राहिलेले मिळायचे, दगडासारखे. अम्मी म्हणायची, "चहात बुडव, दात पडतील."

एलिशा हंट ऱ्होड्स हा ऱ्होड आयलंडचा पोरगा १९व्या वर्षी साधा शिपाई म्हणून भरती झाला. चार वर्षं टिकला आणि २३व्या वर्षी आपल्याच रेजिमेंटचा प्रमुख होऊन घरी गेला. त्याची डायरी पणतवानं १९८५ मध्ये छापली आणि १९९०च्या केन बर्न्सच्या मालिकेमुळं ती घरोघर पोचली. मोठमोठ्या लढायांत हा माणूस होता. पण मला त्याचे रविवार लक्षात राहिले. चर्चला गेलो, जाता आलं नाही, छावणीत प्रार्थना झाली. अब्बांच्या डायऱ्यांत दर शुक्रवारपुढं 'जुम्मा' लिहिलेलं आहे. नमाज मिळाली असेल तर एक छोटी रेघ. १९७१च्या शेवटच्या दोन महिन्यांत रेघ एकच आहे.

हिवाळ्यात लढाई जवळपास थांबायची. पोरं लाकडाच्या झोपड्या बांधायची, वर तंबूचं कापड, धुराड्याला पिंप. चार-पाच जणांचा संसार. मग कवायत, सरपण, पहारा, पत्ते, शिवणकाम, भाकरी करून बघणं आणि बिघडणं. ज्यानं घरी कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नसेल तो स्वतःची बटणं लावत होता. छावणीजवळ परवान्यानं दुकान मांडणारे व्यापारी दुप्पट-तिप्पट भाव लावायचे आणि कधी एखाद्या रात्री पोरं ते दुकान लुटायची. हे सगळं डायऱ्यांत आहे. यात वर्षाचे बहुतेक दिवस जायचे. लढाई वर्षातून काही मोजकेच दिवस.

लढाईच्या दिवशी मात्र बऱ्याच डायऱ्या आखडतात. आधी वाटायचं, वेळ नसेल. वेळ नसायचाच. पण दोन दिवसांनी वेळ असायचा, तेव्हाही अनेकांनी फार काही लिहिलेलं नाही. जे घरी सांगता येणार नाही ते स्वतःलाही सांगायचं नाही, असं काहीतरी असावं. किंवा सकाळी बरोबर कॉफी कुटलेला माणूस संध्याकाळी नाही, याला पेन्सिलीच्या तीन ओळी पुरत नसाव्यात.

पुढं म्हातारपणी हेच लोक बोलू लागले. १८८०च्या सुमारास आठवणींना मागणी आली, रेजिमेंटचे मेळावे भरू लागले, प्रकाशक मिळाले. जॉन रॅन्सम हा उत्तरेचा शिपाई जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत होता. तिथं सुमारे ४५ हजार कैद्यांपैकी १३ हजारांच्या जवळपास मेले. त्याची 'डायरी' १८८१ मध्ये निघाली, खूप वाचली गेली. तपशील नेमके, प्रसंग रंगलेले. नंतर अभ्यासकांनी शंका काढली की यातलं बरंच नंतर, इतरांचं वाचून लिहिलेलं असावं. छावणी खरी, हाल खरे, मरणारे खरे. तरी लोकांना डायरी हवी होती आणि तीही वाचावीशी वाटणारी. मी हे वाचत होतो तेव्हा माझ्या लॅपटॉपवर अब्बांच्या पानाचा पहिला मसुदा उघडा होता. त्यात मी लिहिलं होतं, 'तोफांच्या वर्षावात त्यांनी रसद पुढं नेली.' तोफा होत्या की नव्हत्या, मला माहीत नाही. वाक्य चांगलं जमलं होतं.

इथवर मी हे सगळं अब्बांच्या बरोबरीनं वाचत होतो. मग काळ्या शिपायांच्या डायऱ्या आल्या आणि वाचणं अवघड झालं.

उत्तरेच्या फौजेत १८६३ पासून काळ्या माणसांची रीतसर भरती सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले. बहुतेक कालपर्यंत गुलाम होते. ज्यांना अक्षर शिकवणं दक्षिणेत गुन्हा होता, ते छावणीत बाराखडीची पुस्तकं घेऊन बसत. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या आणि ५५व्या रेजिमेंटनं तो पगार घ्यायलाच नकार दिला. राज्यानं फरक भरून द्यायची तयारी दाखवली, तोही नाकारला. दीड वर्षाच्या आसपास हे लोक बिनपगारी लढले, घरी बायका-पोरं उपाशी. दक्षिण कॅरोलायनाच्या एका काळ्या रेजिमेंटमधला सार्जंट विल्यम वॉकर याच कारणासाठी आपल्या कंपनीसह हत्यार खाली ठेवून उभा राहिला. फेब्रुवारी १८६४ मध्ये बंडाच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी जूनमध्ये काँग्रेसनं पगार सारखा केला.

शहाणेसुरते लोक तेव्हा म्हणत होते, लढा, रक्त सांडा, मग नागरिकत्व कोण नाकारेल? हे मला फार ओळखीचं वाटलं. लोकांची तोंडं बंद होतात.

ख्रिश्चन फ्लीटवुड हा बाल्टिमोरचा. स्वतंत्र घरात जन्मलेला, कॉलेज शिकलेला, गोल चष्म्यामागं बुद्धिमान डोळे असावेत असा. (फोटोत चष्मा नाही, माझ्या मनानं घातला.) १८६३ मध्ये तो चौथ्या काळ्या रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि लगोलग सार्जंट मेजर झाला. त्यावर काळ्या माणसाला जागा नव्हती. १८६४ची त्याची खिशातली डायरी आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. २९ सप्टेंबरला रिचमंडजवळ न्यू मार्केट हाइट्सवर त्यांनी हल्ला केला. झेंडा धरणारे एकामागोमाग पडले. फ्लीटवुडनं झेंडा उचलला, गोळ्यांत मागं आणला आणि उरलेल्यांना त्याभोवती गोळा केलं. याबद्दल त्याला 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं, तिथलं सर्वोच्च शौर्यपदक. त्या दिवसाच्या कामगिरीसाठी १४ काळ्या शिपायांना ते मिळालं.

डायरीत काय आहे? उजाडता हल्ला केला, आमची वाट लागली, झेंडा वाचवला, अशा अर्थाच्या मोजक्या ओळी. कुणी विचारलं तर काय दाखवायचं याची त्याला फिकीर दिसत नाही. ज्याच्याकडे दाखवण्यासारखं होतं, त्यानं ते चाक बदलल्यासारखं लिहिलं.

मग त्याच्या रेजिमेंटच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी मिळून अर्ज केला की या माणसाला अधिकारी करा. युद्धमंत्री स्टँटन यांच्याकडून काही झालं नाही. जून १८६५ मध्ये, लढाई जिंकल्यावर, फ्लीटवुडनं एका पत्रात लिहिलं की मी फौज सोडणार. त्याचा मुद्दा साधा होता. आम्ही सगळं सिद्ध केलं, तरी वरची दारं बंदच. असं असताना इथं राहणं म्हणजे आम्हाला ही खालची जागा मान्य आहे, असं सांगणं. छातीवर सर्वोच्च पदक असलेला माणूस हे लिहितो. मला वाटलं होतं पदकानं पास कायमचा होत असेल.

विल्यम गोल्डची गोष्ट वेगळी. तो उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनचा गुलाम, गिलाव्याचं काम करणारा. २१ सप्टेंबर १८६२च्या पावसाळी रात्री आणखी सात जणांसह होडीतून केप फिअर नदीत उतरला, समुद्रात पोचला आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या एका युद्धनौकेनं त्यांना वर घेतलं. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांनी गुलाममुक्तीचा पहिला जाहीरनामा काढला. होडीतल्या लोकांना कसं कळणार? काही दिवसांत गोल्डनं डायरी सुरू केली आणि १८६५ मध्ये सुटेपर्यंत लिहिली. लिहायला कधी, कुठं शिकला असेल, हा विचार करत मी ती पानं वाचली. पहाऱ्याच्या वेळा, दिसलेली जहाजं, गोवर होऊन दवाखान्यात पडणं, पत्रं, खूप पत्रं. पुढं तो मॅसॅच्युसेट्समध्ये गवंडीकामाचा ठेकेदार झाला, मुलंबाळं झाली. डायरी माळ्यावर राहिली. १९५८ मध्ये घरातला पसारा आवरताना सापडली आणि २००२ मध्ये कायद्याचे प्राध्यापक असलेल्या पणतवानं ती छापली. म्हणजे त्यांच्याकडेही माळाच.

ज्या माणसाचा काल माल म्हणून हिशेब होत होता, तो आज सकाळी वारा कुठून होता हे आपल्या हातानं लिहितो, रोज. त्या नोंदीत वाऱ्याशिवाय काहीही नाही. मला मात्र त्या पानावरून पुढं जायला वेळ लागला.

एक आणखी शिपाई, ज्याची डायरी नाही. मोहम्मद अली बिन सईद. आफ्रिकेतल्या चाड तलावाकाठच्या बोर्नू राज्यातल्या सरदाराचा मुलगा, घरी अरबी शिकलेला. लहानपणी पळवून विकला गेला. त्रिपोली, मग तुर्की अमीर-उमरावांची घरं, मग रशिया. तिथं त्याचा बाप्तिस्मा करून निकोलस नाव दिलं. युरोपभर फिरून तो अमेरिकेत आला, डेट्रॉइटला शिकवू लागला आणि १८६३ मध्ये ५५व्या मॅसॅच्युसेट्समध्ये भरती झाला. सार्जंट झाला, नंतर स्वतः मागून हुद्दा उतरवून घेतला, कारण त्याला दवाखान्यात काम करून थोडं वैद्यक शिकायचं होतं. आपल्याकडे असं नाव सापडलं की 'आपला माणूस' म्हणून मिरवायची घाई होते. त्याच्या पोटात काय होतं, रशियात त्यानं काय सोडलं, काय ठेवलं, हे त्याचं त्याला. मला वेगळ्याच गोष्टीनं थांबवलं. १८७३ मध्ये त्यानं आत्मचरित्र छापलं. तेव्हा तो दक्षिणेत, अलाबामात राहत होता. त्या पुस्तकात मक्केचं, इस्तंबूलचं, रशियाचं सगळं आहे, फौजेतली वर्षं नाहीत. आजूबाजूचे वाचक हरलेल्या बाजूचे होते. मला तरी तेच कारण दिसतं. एखाद्याकडे शौर्य मागितलं जातं, तसं एखाद्याला ते लपवावंही लागतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी तोफांच्या वर्षावाचं वाक्य काढून टाकलं. अब्बा ड्रायव्हर होते, एवढे दिवस रात्री बत्ती न लावता ट्रक चालवला, पाय सुजला, ईदला तांदूळ गोड केला, असं जसं होतं तसं लिहिलं. खाली डायरीतल्या चार नोंदी दिल्या, तारखांसह. पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. "अरे, यात युद्ध कुठंय?"

मी म्हटलं, "काका, त्यांनी लिहिलंय तेवढंच आहे." आणि १७ डिसेंबरची ओळ वाचून दाखवली. मागचं डावं चाक बदललं.

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"नट हरवला होता," काका म्हणाले. "एक नट. वाळूत. लढाई बंद झाली म्हणत होते, पण बत्ती लावायची परवानगी नव्हती अजून. दोघं गुडघ्यावर बसून हातानं वाळू चाळत होतो, तास-दीड तास. थंडी अशी की बोटं कळत नव्हती. तो नट मला सापडला, तुझ्या अब्बाला नाही. हे लिहिलंय का त्यानं?"

"नाही काका."

"बघ, लबाड," काका म्हणाले. "थांब, कागद घे. मी सांगतो ते लिही."